घाण्यातलं तेल आणि गणिताचा मठ

शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती थेट गावच्या वाचनालयात येते. नववीत आहे, सेमी इंग्रजीला. वडिलांचं बसस्टँडच्या मागे दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात चुलतभावाचं बारावीचं भौतिकशास्त्राचं पुस्तक होतं आणि एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ मारलेली होती. दोलकाच्या एका झोक्याला किती वेळ लागतो त्याचं सूत्र, आणि त्याच्या आधी एक अट: कोन लहान असला तर. तिनं विचारलं, “मॅडम, आणि मोठा असला तर?”

हाच प्रश्न तिनं वर्गातही विचारला होता. तिथं उत्तर मिळालं होतं, “ते परीक्षेला येणार नाही, बस खाली.”

मी सव्वीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. हे वाक्य मी स्वतः किती वेळा म्हटलं असेल, याचा विचार त्या दुपारी पहिल्यांदा नीट केला. मग आम्ही खिडकीच्या गजाला मीटरभर सुती दोरा बांधला. खाली वजन म्हणून तिनं वडिलांच्या गॅरेजमधला जुना स्पार्क प्लग आणला होता. आधी हलकासा झोका दिला. दहा झोक्यांना वीस सेकंद. परत वीस. मग दोरा साठ अंशांपर्यंत ओढून सोडला, तर एकवीसच्या वर.

तिला आधी आपल्या अंगठ्याचाच संशय आला. मोबाइलवरचं घड्याळ बंद करताना उशीर होतोय का? म्हणून तिनं तीसेक वेळा मोजलं. फरक जाईना. मग तिच्याच लक्षात आलं की झोका हळूहळू लहान होत जातो, म्हणजे दहाच्या दहा झोके काही साठ अंशांचे नसतात. तिनं पहिले पाच आणि नंतरचे पाच वेगवेगळे मोजायला सुरुवात केली. पहिल्या पाचांना जास्त वेळ, नंतरच्या पाचांना कमी. शेजारच्या बाकांवर पोलीस भरती आणि राज्यसेवेचा अभ्यास करणारी मुलं बसलेली असतात. त्यांतला एक जण उठून आमच्यापाशी आला आणि पुढचे झोके तो मोजू लागला.

मी तिला सांगितलं की झोका लहान असो की मोठा, वेळ तेवढाच लागतो, असं गॅलिलिओलाही वाटत होतं. तसं नसतं, आणि वेळ खरोखर तेवढाच राहायचा असेल तर लंबकाला वर्तुळाऐवजी वेगळ्याच एका वक्रावरून जावं लागेल, हे दाखवलं हायगेन्सनं, सतराव्या शतकात. कोन साठ अंशांचा असला तर एक झोका लहान झोक्यापेक्षा सुमारे सात टक्के जास्त वेळ घेतो. तो नेमका आकडा काढायचं गणित बारावीलाही नसतं. त्यासाठी एलिप्टिक इंटिग्रल नावाचं वरच्या वर्गांतलं गणित लागतं. पण तिचा प्रश्न बरोबर होता. अट जिथं संपते तिथून पुढे काय, हे विचारणं हाच भौतिकशास्त्राचा धंदा आहे.

हे लिहायला बसले ते त्या मुलीचं कौतुक सांगायला नाही. अशी मुलं प्रत्येक गावात असतात, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. माझं म्हणणं एवढंच आहे: परीक्षेबाहेरच्या प्रश्नासाठी एक माणूस आणि आठवड्याला एक तास मिळणं हा त्या मुलांचा हक्क आहे, आणि त्याचा खर्च सार्वजनिक पैशातून व्हायला हवा. आज ते नशिबावर सोडलेलं आहे. घरात कोण आहे, गाव कुठलं आहे, शिक्षक कसा भेटला, यावर.

जयंत नारळीकरांच्या लहानपणाची एक गोष्ट त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घरात भिंतीवर फळा. मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, शिकायला त्यांच्याकडेच राहत होते. ते फळ्यावर एखादं कूट लिहून ठेवायचे आणि वर लिहायचे की हे जयंतसाठी आव्हान आहे. ते सुटेपर्यंत पुसलं जायचं नाही. मला यात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे न पुसणं. दिवसभर, दोन दिवस, प्रश्न तिथंच. कुणी घड्याळ लावलेलं नाही, मार्क नाहीत, आणि सुटलं तर ऐकायला घरात माणूस आहे.

आता आमच्या मुलांच्या परीक्षांचं घड्याळ बघा. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे. नीटला १८० प्रश्न, १८० मिनिटं. एका प्रश्नाला एक मिनिट किंवा त्याहून कमी. एवढ्या वेळात विचार करता येत नाही, फक्त ओळखता येतं: हा कुठल्या नमुन्याचा प्रश्न आहे, याला कुठलं सूत्र लावायचं. नमुने ओळखण्याची सवय दोन वर्षं लावली की जो प्रश्न कुठल्याच नमुन्यात बसत नाही, तो मुलांना चुकीचा वाटायला लागतो. हुशार मुलांनी मला विचारलेलं आहे, “मॅडम, हा प्रश्न चुकलाय का?” चुकलेला नव्हता, नवा होता.

लाखो मुलांमधून काही हजार निवडायची तर परीक्षा हवीच, आणि ती अशीच असेल हेही मी समजू शकते. माझी तक्रार पुढची आहे. या परीक्षेनं स्वतःच्या बाहेरचा सगळा वेळ गिळला. कॉलेजात नाव एकीकडे, क्लास दुसरीकडे, ही व्यवस्था आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. दहावी व्हायच्या आधीच फाउंडेशनच्या नावाखाली सातवी-आठवीच्या मुलांना त्याच घाण्याला जुंपलं जातं. केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगमध्ये प्रवेश देऊ नये. आमच्या बसस्टँडवर उतरलं की पहिला फलक दिसतो तो सातवीपासूनच्या बॅचचा.

गणितज्ञ कापरेकरांची आठवण इथं काढते, कारण खानदेशातून मुंबईला जाताना त्यांच्याच स्टेशनांवरून जावं लागतं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचा. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक. पदवीपुढचं शिक्षण नाही, विद्यापीठाची नोकरी नाही. मुंबईच्या वाटेवरच्या एका स्टेशनवर त्यांना संख्यांचा एक प्रकार सुचला, म्हणून त्याला त्या स्टेशनाच्या नावावरून त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं. तेच आजचं डोंबिवली. स्वयंभू संख्या, हर्षद संख्या, असली नावं त्यांनी ठेवली. आपल्याकडच्या पुष्कळ गणितज्ञांनी या सगळ्याला किरकोळ मानलं. १९७५ मध्ये गणितातल्या गमतींवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरनं अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा ते जगाला माहीत झाले.

त्यांचा सगळ्यांत प्रसिद्ध शोध १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत मांडलेला. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, चढत्या क्रमानं लिहा, मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर तेच करा. पुढे शून्य आलं तरी ते धरायचं. मी त्या मुलीला कापरेकरांचं जन्मवर्ष दिलं. ९५१० वजा ०१५९, म्हणजे ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा, परत ६१७४. तिथून हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात, कुठूनही निघा. त्यांच्या जन्मवर्षाला पुऱ्या सातही लागल्या, याचा तिला फार आनंद झाला.

इथपर्यंत ही गंमत. गणित सुरू होतं ते “पण असं का?” विचारल्यावर. ते समजायला आठवीचं बीजगणित पुरतं. वजाबाकीचं उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं: सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान अंकातला फरक गुणिले ९९९, अधिक मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०. १९०५ साठी ९ आणि ४. म्हणजे ८९९१ अधिक ३६०, झाले ९३५१. हे दोन फरक मिळून होऊन होऊन किती जोड्या होतील? ५४. म्हणजे जवळजवळ दहा हजार संख्या एका पायरीत चोपन्नांत येऊन बसतात, आणि चोपन्न तर वहीत हातानं तपासता येतात. तिनं दोन संध्याकाळी तपासले. सगळे ६१७४ ला पोचले. ही खरीखुरी सिद्धता आहे. नववीतल्या मुलीनं, गॅरेजच्या मागच्या खोलीत, शंभर पानी वहीत केलेली.

हे परीक्षेला येत नाही. पण जे परीक्षेला येतं, ते यातूनच येतं. बहुपदींचे अवयव पाडायची शंभर उदाहरणं सोडवून अक्षरं कशासाठी वापरतात हे मुलांना कळत नाही. इथं एका बैठकीत कळतं, कारण इथं अक्षरांशिवाय गाडी पुढे जात नाही.

तिचे वडील एकदा वाचनालयात आले होते. हाताला ग्रीस, दारातच उभे. म्हणाले, “मॅडम, तुम्ही करताय ते चांगलंच आहे. पण याचे मार्क मिळतात का?” मी म्हटलं, नाही मिळत. त्यांनी मान हलवली. मुलगी पाठवायची त्यांनी थांबवली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण त्यांचा प्रश्न खरा आहे आणि मोठमोठी माणसं तो दुसऱ्या शब्दांत विचारतात: गरिबाच्या पोराला आधी नोकरी लागू द्या, कुतूहल वगैरे नंतर.

मला हा विचार मनापासून अन्यायाचा वाटतो. कारण यात आपण ठरवून टाकतो की प्राध्यापकाच्या मुलानं दोन दिवस फळ्यापुढे बसावं आणि मेकॅनिकच्या मुलीनं फक्त पर्याय क्रमांक तीन निवडावा. आणि तिचा बाप दिवसभर काय करतो? गाडीचा आवाज ऐकून बिघाड कुठं आहे ते शोधतो. एक शक्यता धरतो, तपासतो, सोडतो, दुसरी धरतो. प्रश्न न पुसता धरून ठेवणं तो रोज करतो. ती मुलगी झोके मोजताना आपल्या अंगठ्यावर संशय घेते, हे तिनं कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही.

दुसरं उत्तर मिळतं ते इंटरनेटचं. सगळं तर मोबाइलवर आहे, कशाला माणूस हवा? खरं आहे, आज खेड्यातल्या मुलीला जगातले उत्तम शिक्षक बघता येतात, आणि ती बघतेही. पण व्हिडिओ तिचं ऐकत नाही. तिनं तीस वेळा मोजलेले आकडे कुणाला दाखवायचे? तिची चूक नेमक्या कुठल्या ओळीत आहे, हे कोण सांगणार? शिवाय तिच्या मनातला प्रश्न मराठीत असतो. ‘झोका मोठा घेतला तर?’ असं ती म्हणते. त्या मराठी प्रश्नापासून इंग्रजी पुस्तकातल्या शब्दापर्यंतचा पूल कुणीतरी हात धरून पार करून द्यावा लागतो. सेमी इंग्रजीच्या मुलांची अर्धी शंका तर या पुलावरच मरते.

संस्था आहेत, चांगल्या आहेत. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून काम करतंय, देशाचे ऑलिम्पियाडचे संघ तिथं घडतात. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्यानं होतात. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं, तिथं किती पिढ्या गणितात रमल्या. यांच्याबद्दल मला आदर आहे. पण माझ्या विद्यार्थिनीला पुणं म्हणजे एक अख्खी रात्र आणि वडिलांची दोन दिवसांची कमाई. आणि ऑलिम्पियाड ही शेवटी निवड आहे. निवडीत जी मागे राहतात त्या मुलांचंही कुतूहल खरंच असतं.

सरकार काही करत नाही, असंही नाही. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब आल्या, एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान. आता आणखी ५०,००० उघडायचं २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं. मी अशी एक प्रयोगशाळा पाहिली आहे. थ्रीडी प्रिंटर प्लास्टिकच्या आवरणाखाली, किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, तपासणी असेल तेव्हा दार उघडायचं. काही मोडलं तर भरपाई कोण देणार, ही भीती. त्यात त्या शाळेचा दोष कमी, योजनेचा जास्त. योजनेचा भर यंत्रावर आहे, माणसाच्या वेळेवर नाही. आमचा दोरा आणि प्लग मिळून दहा रुपयांच्या आत बसतात. महाग आहे तो कुणाचा तरी मोकळा तास.

आणि शिक्षकाकडे तो नाही. “परीक्षेला येणार नाही” म्हणणारे ते शिक्षक मला माहीत आहेत. वर्गात साठ-पासष्ट मुलं, डिसेंबरात पोर्शन संपवायचा, मतदारयादीचं काम अंगावर, रोज कुठली ना कुठली लिंक भरायची. शिक्षण हक्क कायदा जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं बाहेरचं काम शिक्षकाला देऊ नये म्हणतो, पण ऑनलाइन माहिती भरण्याला तिथं कुणी बाहेरचं काम मानत नाही. अशा माणसाला नववीतल्या मुलीनं बारावीच्या पुढचं विचारलं, तर तो काय करील?

म्हणून माझी मागणी शिक्षकांनी जास्त काम करावं अशी अजिबात नाही. त्यांच्या कामातून काही काढून त्या जागी हे ठेवा. तालुक्याला निदान दोन गणित-विज्ञानाचे शिक्षक असे हवेत, ज्यांचे आठवड्याचे चार-पाच तास अधिकृतपणे या मुलांसाठी राखलेले आहेत, वेळापत्रकात, पगारात धरलेले. बसायला जागा नवी बांधायची गरज नाही. १९६७ च्या कायद्याखाली गावोगाव मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत. त्यांच्या अनुदानातून एक फळा, एक कपाट, आणि मराठी-इंग्रजी दोन्हीतली गणित-विज्ञानाची शेलकी पुस्तकं घेता येतील. निवृत्त शिक्षक, बँकेतले, वीज मंडळातले अभियंते, सुट्टीवर आलेले पदवीचे विद्यार्थी यांना बोलावलं तर येतात, हा माझा अनुभव आहे.

एकच पथ्य पाळावं. याचा ‘उपक्रम’ करू नये. आमच्याकडे उपक्रम म्हटलं की फोटो येतो, ग्रुपवर टाकणं येतं, प्रमाणपत्र येतं, मग गुणवत्ता यादी, मग त्या यादीसाठी क्लास. त्या तासाला हजेरी नको, मार्क नकोत, निकाल नको. एखाद्या शनिवारी एकच मूल आलं तरी तो तास झाला, असं धरावं. हे सरकारी चौकटीत बसत नाही म्हणतील. पण यापूर्वी याच भागात हे बसलेलं आहे.

चाळीसगावपासून वीस किलोमीटरच्या आत पाटण आहे. पाटणादेवीला आम्ही सगळे जातो. तिथल्या शिलालेखात नोंदलं आहे की १२०७ मध्ये भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ वंशातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख उजेडात आणला. त्यातला दानाचा भाग मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालातला ठरावीक वाटा, घाण्यांवरचं तेल, हे मठाला द्यायचं. १११४ मध्ये जन्मलेल्या गणितज्ञाचं पुस्तक पुढच्या मुलांना वाचता यावं, म्हणून त्या गावचा तेली घाण्यातलं तेल देत होता. ते सगळं संस्कृतात चालत असणार, आणि शिकायला कोण बसत असेल, कोणाला बसू दिलं जात नसेल, हेही मला कळतं. माझ्यासारखीला आणि त्या मुलीला तिथं जागा नव्हती. म्हणून तर आज तो मठ सगळ्यांसाठी हवा. पण गणिताच्या दिव्याला गावानं तेल घालायचं असतं, ही कल्पना आम्हाला कुणी बाहेरून आणून द्यायची गरज नाही. ती आमच्याच दगडावर, आमच्याच भाषेत कोरलेली आहे.

गेल्या शनिवारी ती पाच अंकी संख्या घेऊन आली. तिला वाटलं होतं, चारला ६१७४ आहे, तसं पाचलाही एखादं ठिकाण असेल. पण ५३९५५ वर आली की पुढे ५९९९४ येतात, आणि त्यांच्यापुढे परत ५३९५५. मागेपुढे, मागेपुढे. वहीचं अख्खं पान तिनं त्यावर खर्च केलं होतं, कारण पहिल्यांदा तिला वजाबाकी चुकली असंच वाटलं. “मॅडम, चार अंकांना एकच घर आहे. मग पाचांना का नाही?”

मला सांगता आलं नाही. पुढच्या शनिवारपर्यंत दोघींनी आपापल्या वहीत सहा अंकांचं करून बघायचं ठरलं. फळ्यावर तिनं ते दोन आकडे लिहिले, मध्ये दोन बाण काढले, आणि जाताना ग्रंथपालांना सांगून गेली की हे पुसू नका.